कांदे मोजायचे, लसूण मापायचा

इंग्रजी व्याकरणात कांदा मोजता येतो, लसूण मोजता येत नाही. 'टू अनियन्स' चालतं, 'टू गार्लिक्स' चालत नाही. वाटाणे मोजतात, मका मोजत नाहीत. भाजी मोजतात, पण फळासाठीचा 'फ्रूट' हा शब्द बहुतेक वेळा एकवचनातच राहतो. शाळेत ही यादी मुलाच्या हातात पडते तेव्हा सोबत व्याख्याही येते: जे मोजता येतं ते 'काउंटेबल', जे मोजता येत नाही ते 'अनकाउंटेबल'. त्यावर एखादं चौकस मूल विचारतं, तांदळाचे दाणे तर मोजता येतात, मग 'राइस' अनकाउंटेबल कसा? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला "नियमच तसा आहे, पाठ कर" असं उत्तर देणं म्हणजे एका चांगल्या प्रश्नाची माती करणं.

खोट व्याख्येत आहे. मोजता येणं हा वस्तूचा गुण नसून शब्दाचा गुण आहे. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ साली 'द फिलॉसफी ऑफ ग्रामर' या ग्रंथात हा भेद नीट मांडला. ठरावीक आकाराची, नेमक्या हद्दीची वस्तू जो शब्द डोळ्यांपुढे उभी करत नाही, त्याला त्यांनी 'मास-वर्ड' म्हटलं. तांदळाला दाणे आहेत हे इंग्रज माणसाला दिसतंच. त्याचा 'राइस' हा शब्द मात्र दाण्यांकडे न बघता राशीकडे बघतो. दाण्याचं काम पडलं तर तो 'ग्रेन ऑफ राइस' म्हणतो, म्हणजे दाण्यासाठी वेगळा शब्द आणून जोडतो.

हे सगळं समजायला वसई तालुक्यातल्या नंदाखालसारखं गाव फार सोयीचं आहे. आजूबाजूला आगाशी, बोळिंज, अर्नाळा. एका बाजूला वाड्या, दुसऱ्या बाजूला समुद्र. इथल्या बाजारात केळी फणीने आणि डझनाने मिळतात, पालेभाजी जुडीने, बारीक मासळी वाट्याने, तांदूळ किलोने आणि दूध लिटरने. घरातल्या बाईबरोबर एकदा बाजारात जाऊन आलेल्या मुलाला 'बंच', 'डझन', 'किलो', 'लिटर' यांचं काम काय हे निराळं शिकवावं लागत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तेव्हा हा प्रश्न आता अगदी लहान मुलांपर्यंत पोचला आहे, आणि त्यांच्याकडे उत्तराचं अर्धं भांडवल घरचंच असतं.

व्याकरणाच्या बाबतीत तर या मुलखाचं नावच मोठं आहे. तर्खड हे गाव याच तालुक्यातलं. तिथून आलेल्या घराण्यातले दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' छापलं आणि पुढे त्यांना मराठीचे पाणिनी म्हटलं गेलं. तर्खडकर याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'भाषांतर पाठमाले'वर मराठी माणसाच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठीचं व्याकरण आणि मराठी माणसाचं इंग्रजी, दोन्हींवर वसईतल्या एका गावाचं नाव आहे. या दोन भाषांचे हिशेब शेजारी शेजारी मांडून बघायला यापेक्षा योग्य जागा मला सुचत नाही.

आपल्या शालेय व्याकरणात 'पदार्थवाचक नाम' नावाचा एक प्रकार असतो. पाणी, पीठ, सोनं, कापड; जे संख्येत न मोजता लिटर, किलो किंवा मीटरने मोजतात ते. परीक्षेपुरती ही व्याख्या पाठ होते आणि विषय तिथेच संपतो. खरी गंमत पुढे, क्रियापदाशी आहे. इंग्रजी नामाला नामापाशीच निर्णय घ्यावा लागतो: आधी 'अ' लावायचा, शेवटी 'स' जोडायचा, की दोन्ही नको. मराठीत असा 'अ' नाही, त्यामुळे नाम पुष्कळदा गप्प राहतं. पण वाक्य संपेपर्यंत क्रियापद त्याच्याकडून उत्तर काढून घेतंच.

तांदूळच घ्या. "तांदूळ महागला" असं आपण म्हणतो आणि "तांदूळ निवडले" असंही म्हणतो. शब्द जसाच्या तसा, एका अक्षराचा फरक नाही. पण भावाची गोष्ट निघाली की तो एकवचनी, आणि सुपात घेऊन खडे काढायला बसलं की अनेकवचनी. दुकानदाराचा तांदूळ ही एक जिन्नस असते. सुपातला तांदूळ बोटाखालून जातो, एकेक दाणा दिसतो, म्हणून ते 'तांदूळ' होतात. गव्हाचंही तेच: "यंदा गहू चांगला आला", पण "गहू दळून आणले". हरभऱ्यात तर रूपही बदलतं. शेतात हरभरा पेरतात, घरात हरभरे भिजवतात.

मग तांदूळ शिजतो आणि त्याचा भात होतो. भात कायम एकवचनी. हाच शब्द शेतात नपुंसकलिंगी असतो, भात झोडलं जातं; पानात आला की पुल्लिंगी, भात वाढला जातो. शिजलेल्या दाण्यासाठी मराठीकडे खास शब्द आहे, शीत. शितावरून भाताची परीक्षा होते, आणि असतील शितं तर जमतील भुतं. भात मोजत नाहीत, शितं मोजतात. तुटलेल्या तांदळाची कणी वेगळी. इंग्रजीत शेतातल्या पिकापासून पानातल्या भातापर्यंत 'राइस' एकटाच सगळं काम करतो. फार तर टरफलासकटच्या धान्याला 'पॅडी' म्हणतात, तोही मलय भाषेतून घेतलेला शब्द. आयुष्यभर भात खाणाऱ्यांच्या भाषेने त्याच्या प्रत्येक अवस्थेचं व्याकरण वेगळं केलं आणि दुरून जहाजाने तांदूळ आणणाऱ्यांच्या भाषेने सगळ्याची एकच रास केली. हे मला अगदी स्वाभाविक वाटतं.

आता केळ्याकडे येऊ, कारण वसईचं नाव काढलं की केळं आलंच. वाडीत उभी असते ती केळ, तिला लागतं ते लोंगर. लोंगराच्या फण्या होतात आणि फणीतून एक मोडून घेतलं की ते केळं. इंग्रजीतही केळ्याच्या व्यापाराची भाषा अशीच पायऱ्यापायऱ्यांची आहे. अख्ख्या लोंगराला 'बंच', फणीला 'हँड' म्हणजे हात, आणि सुट्या केळ्याला 'फिंगर' म्हणजे बोट. आपल्याला तिथे केस विंचरायची फणी दिसली, त्यांना तळहात दिसला. दोन्हीकडे केळं पक्कं मोजायचं नाम आहे आणि त्यात काही अडचण नाही.

अडचण येते ती शिकरण करताना. दोन केळी सोलली, वाटीत कुस्करली, दूध-साखर घातली. आता कोणी विचारलं यात काय आहे, तर आपण "केळं आहे" म्हणतो. तीन केळी कुस्करली असली तरी "केळं आहे"च म्हणतो. इंग्रजीतही नेमकं हेच होतं. वाटीत आता 'अ बनाना' नाही, 'बनाना' आहे, 'अ' गळून पडला. अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी यासाठी एक काल्पनिक यंत्र सुचवलं होतं आणि फ्रान्सिस जेफ्री पेलेटियर यांनी १९७५ च्या लेखातून ते सगळ्यांपर्यंत पोचवलं. त्याचं नाव 'युनिव्हर्सल ग्राइंडर', सगळं दळून काढणारी चक्की. कुठलीही मोजायची वस्तू त्या चक्कीत घाला, बाहेर मोजता न येणारा लगदा पडेल, आणि त्या वस्तूचं नामही त्याबरोबर अनकाउंटेबल होईल. अंडं फुटून शर्टावर सांडलं की इंग्रजीत शर्टावर 'एग' असतं, 'अन एग' नव्हे. 'अन एग' म्हटलं तर शर्टावर अख्खं अंडं तोलून धरल्याचं चित्र उभं राहतं. एका 'अन'ने केवढा फरक पडतो हे मुलांना हसत हसत कळतं.

उलट दिशेचं यंत्रही आहे. चहा हा ओतायचा पदार्थ. पण टपरीवर आपण "दोन चहा" सांगतो आणि लंडनमधला माणूसही 'टू टीज' मागतो. इथे न बोललेला कप मनात धरलेला असतो. मोजायचं आणि मापायचं यांच्यातली भिंत दोन्ही भाषांत अशी पातळ आहे. म्हणून अमुक शब्द काउंटेबल आणि तमुक अनकाउंटेबल अशी कायमची शिक्के मारलेली यादी मुलांच्या हातात देणं मला पटत नाही. शब्द त्या वाक्यात कुठल्या अवस्थेतल्या वस्तूबद्दल बोलतोय, हे विचारायला शिकवावं.

त्यासाठी याच भागातलं सुकेळं हातात घेऊन बघण्यासारखं आहे. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात. ती आक्रसतात, काळपट तांबूस होतात, त्यांची गोडी दाट होते. इंग्रजांच्या काळातल्या 'इंपिरियल गॅझेटियर'मध्ये आगाशीची सुकी केळी जिल्ह्यात सर्वांत उत्तम असल्याची नोंद आहे. केळं सुकलं तरी ते अख्खं राहतं, त्याचा आकार आणि हद्द शाबूत असते. म्हणून इंग्रजीत ते अनेकवचनात जातं, 'ड्राइड बनानाज'. आंब्याचं तसं नाही. आंबा सुकवायचा तर कापावा लागतो किंवा रस पसरावा लागतो, म्हणून 'ड्राइड मँगो' हा एकवचनी, मापायचा पदार्थ. ऊन दोन्हींवर पडलं. एकाचं रूप टिकलं, दुसऱ्याचं मोडलं, आणि व्याकरण त्या रूपामागे गेलं.

नारळाच्या बाबतीत मराठी जास्त काटेकोर आहे. फोडण्याआधी नारळ, फोडून खवलं की खोबरं. पाच नारळ आणतात, भाजीत मूठभर खोबरं घालतात. "पाच खोबरी" कोणी म्हणत नाही. इंग्रजीत दोन्हींना 'कोकोनट'च. प्राण्यांच्या मांसात मात्र इंग्रजीने अशा जोड्या केल्या आहेत. डुक्कर 'पिग' आणि त्याचं मांस 'पोर्क', मेंढी 'शीप' आणि तिचं मांस 'मटण'. मांसाची ही नावं नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून आली. कोंबडीला मात्र वेगळा शब्द मिळाला नाही, म्हणून 'अ चिकन' म्हणजे अंगणातली कोंबडी आणि नुसतं 'चिकन' म्हणजे पानातलं. "आय एट अ चिकन" असं लिहिणारा मुलगा अख्खी कोंबडी फस्त केल्याचं सांगत असतो.

आता मासळीबाजार. अर्नाळ्याची मासळी या भागात घरोघर पोचते आणि तिच्या व्याकरणाकडे मी कितीही वेळ बघत बसू शकेन. मासा, मासे हे मोजायचे शब्द. पण "आज मासळी स्वस्त आहे" म्हणताना मासळी एकवचनी असते, टोपलीतलं सगळं त्यात येतं. इंग्रजीत 'फिश' हाच शब्द दोन्ही कामं करतो, आणि 'फिशेस' म्हटलं तर साधारणपणे माशांच्या जाती असा अर्थ निघतो. पुढे आकाराप्रमाणे उतरत जा. पापलेट: दोन पापलेटं, सरळ मोजणी. बोंबील वाट्याने घेतले तरी "बोंबील तळले" असं अनेकवचनच येतं, कारण प्रत्येक बोंबील हातात घेऊन साफ करावा लागतो. कोळंबी मधोमध उभी आहे. "कोळंबी सोलली" हे एकवचन, पण मोठाल्या असल्या तर "चार कोळंब्या ठेव बाजूला". आणि जवळा? तो कायम एकवचनी. "जवळा भाजला", "जवळ्याची चटणी". लक्षावधी जीव, पण एकालाही कोणी वेगळं उचलत नाही. इंग्रजीत आख्ख्या तळून खायच्या चिमुकल्या माशांना 'व्हाइटबेट' म्हणतात, आणि तोही एकवचनी, न मोजायचा शब्द आहे. दोन वेगळ्या समुद्रांवरच्या माणसांनी बारीक मासळीचं व्याकरण एकसारखंच लावलं.

नुसता आकार मोजून हे सुटत असतं तर काम फार सोपं होतं. तसं सुटत नाही. तिसऱ्या केवढ्याशा, पण "तिसऱ्या आणल्या, तिसऱ्या उघडल्या" असं अनेकवचनच, कारण एकेक शिंपली विळीवर उघडावी लागते. इथे एक जुना वाद सांगायला हवा. इंग्रजीत गव्हाला 'व्हीट' म्हणतात, एकवचन. ओटला 'ओट्स' म्हणतात, अनेकवचन. दोन्ही धान्यं, दाणे जवळपास सारखे, मग हा भेद का? अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफिल्ड यांच्यापासून अनेकांनी ही जोडी व्याकरणाच्या मनमानीचा नमुना म्हणून पुढे केली. पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि ऑस्ट्रेलियात काम केलेल्या अ‍ॅना व्हिएर्झबिट्स्का यांनी १९८५ साली त्याला जोरदार उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं की यात मनमानी फार कमी आहे. माणसं त्या पदार्थाला हात कसा लावतात, तो कुठल्या रूपात बघतात, कसा खातात, हे नामाच्या वचनात उतरतं.

मला व्हिएर्झबिट्स्कांची बाजू पटते, आणि मराठी स्वयंपाकघर त्यांच्या बाजूने भक्कम साक्ष देतं. कांदा किलोने विकत घेतला तरी चिरायला "दोन कांदे घे" असंच सांगतात. म्हणजे तराजूवर काय घडतं त्यावर नाम ठरत नाही, विळीवर काय घडतं त्यावर ठरतं. लसूण कोणी अख्खा एक असा वापरत नाही. गड्डा फोडतात, हव्या तेवढ्या पाकळ्या सोलतात. म्हणून लसूण मापायचा आणि पाकळ्या मोजायच्या. इंग्रजीतही 'गार्लिक' न मोजता 'हेड' आणि 'क्लोव्ह' मोजतात. आलं तसंच: आल्याचा तुकडा, 'अ पीस ऑफ जिंजर'. कोथिंबीर दोन्हीकडे जुडीची. हजारो मैलांचं अंतर असलेल्या दोन स्वयंपाकघरांत सुरी सारखीच चालली, म्हणून नामंही सारखीच वळली.

पण पूर्ण नियम बसवायला गेलात तर साबुदाणा आडवा येतो. "पोहे भिजवले" हे अनेकवचन, "साबुदाणा भिजवला" हे एकवचन. साबुदाण्याचा दाणा पोह्यापेक्षा जास्त टपोरा आणि सुटा, तरीही. "तीळ भाजले" पण "मोहरी तडतडली", "धणे कुटले" पण "खसखस वाटली". तिळाच्या बाबतीत मराठीने मोजणी इतकी मनावर घेतली आहे की एक तीळ सात जणांत वाटून खाण्याची म्हणही केली. भाषेत वापराचं शहाणपण असतं आणि जुन्या सवयींचा गाळही असतो. दोन्ही मान्य करूनच पुढे जावं लागतं.

भाकरीचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण नंदाखालशी त्याचा खास संबंध आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो या गावचे. २०२० साली उस्मानाबादला झालेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता. बायबलचा अनुवाद करणाऱ्याला अन्नाच्या नामांचा हा प्रश्न टाळताच येत नाही. पाच हजारांना जेवू घालण्याची कथा चारही शुभवर्तमानांत आहे. तिथे मूळ ग्रीकमध्ये 'आर्तोस' हा शब्द आहे, आणि तो सरळ मोजता येतो. इंग्रजीत 'फाइव्ह ब्रेड्स' म्हणता येत नाही, म्हणून अनुवादकांना 'लोव्ह्ज' हा शब्द घ्यावा लागला. मराठीला असा वळसा लागलाच नाही. पाच भाकरी आणि दोन मासे, काम झालं. आणि रोजच्या प्रार्थनेतल्या अन्नासाठी, जिथे इंग्रजीत 'ब्रेड' येतो, तिथे मराठीत 'भाकर'. कष्टाची भाकर, मीठभाकर, रोजची भाकर: अशा जागी शब्द एकवचनी राहतो आणि सगळ्या पोटापाण्याचा अर्थ घेतो. लष्कराच्या मात्र भाकऱ्या भाजायच्या असतात, कारण तिथे कष्ट नगानगाने करायचे असतात. इंग्रजीत भाव वेगळा दाखवायला शब्द बदलावा लागला, मराठीत एकाच शब्दाचं वचन बदलून भागलं.

'लोफ'चा इतिहासही सांगण्यासारखा आहे. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप 'ह्लाफ' होतं आणि त्याचाच अर्थ पाव-भाकरी असा होता. 'लॉर्ड' हा शब्द 'ह्लाफवेअर्ड' म्हणजे भाकरीचा राखणदार यातून आला. पुढे अन्नाचा अर्थ 'ब्रेड'कडे गेला आणि 'लोफ' केवळ त्याचं माप होऊन राहिला. आपल्याकडे पाव पोर्तुगीजांबरोबर आला, त्यांच्या 'पांव' या शब्दासकट; वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्या ताब्यात होती. मराठीत पाव पहिल्यापासून नगावर मोजला जातो: चार पाव, आणि जोडून भाजलेले असतील तर लादी. त्यामुळे आपलं मूल "आय एट टू ब्रेड्स" लिहितं तेव्हा ते घरचं व्याकरण प्रामाणिकपणे चालवत असतं. त्याला नुसती लाल रेघ न मारता सांगावं की तुझा पाव मोजता येतो, त्यांचा 'ब्रेड' कापावा लागतो. म्हणून 'टू स्लाइसेस'. भारतीय हॉटेलांच्या मेनूकार्डावर 'इंडियन ब्रेड्स' लिहिलेलं असतं, ते मात्र बरोबर आहे. तिथे रोटी, नान, पराठा अशा जाती सांगायच्या असतात, आणि जाती नेहमीच मोजता येतात.

मराठी मुलाची चूक नेमकी कुठे होते हे एव्हाना दिसायला लागतं. घरात अनेकवचन असलेला शब्द इंग्रजीत एकवचनी निघाला की पाय घसरतो. लाह्या फुटतात, म्हणून तो 'पॉपकॉर्न्स' लिहितो. शेवया असतात, पण 'व्हर्मिसेली' इंग्रजीत एकवचनी. मूळच्या इटालियनमध्ये तो शब्द आणि 'स्पगेटी' दोन्ही अनेकवचनी आहेत, म्हणजे इंग्रजांनीही दुसऱ्याच्या वचनाची मोडतोड केलीच. उलट बाजूने डाळ आपली एकवचनी आणि 'लेंटिल्स' अनेकवचनी. पालेभाजी एकवचनी आणि 'ग्रीन्स' अनेकवचनी. दोन्ही भाषा जिथे जुळतात तिथे शिकवायला वेळ घालवूच नये. दूध, तूप, मीठ, साखर, मध, कांदे, बटाटे, अंडी हे सगळं मूल घरूनच शिकून आलेलं असतं. जिथे जुळत नाहीत तेवढ्याच शब्दांवर थांबावं.

आणि एक छोटी चावी द्यावी. 'मच' आणि 'मेनी' यांचा घोळ होतो, कारण आपला 'किती' दोन्हींना चालतो. पण 'थोडा' चालत नाही, तो वचन दाखवतो. थोडा भात, थोडं दूध. थोडे कांदे, थोडी वांगी. या चावीने बरीच कुलुपं उघडतात. पोहे, लाह्या, शेवया यांच्याशी मात्र ती अडते, तेव्हा हे शब्द वेगळे लिहून भिंतीवर लावावेत.

इंग्रजी बोलणाऱ्यांनाही हा हिशेब कधीच पूर्ण जमलेला नाही, हे मुलांना जरूर सांगावं. त्याने धीर येतो. वाटाण्याला पूर्वी इंग्रजीत 'पीज' म्हणत आणि तो राशीचा शब्द होता. शेवटचा 'ज' ऐकून लोकांना वाटलं हे अनेकवचन आहे, आणि सतराव्या शतकात त्यातून 'पी' असं एकवचन पाडलं गेलं, जे आधी अस्तित्वातच नव्हतं. 'चेरी'चंही असंच झालं. नॉर्मन फ्रेंचमधल्या 'चेरीझ'चा शेवट छाटून एकवचन घडवलं. 'लेस' आणि 'फ्यूअर'चा वाद तर अजून पेटतो. शतकानुशतकं 'लेस' दोन्हींना चालत होता. १७७० साली रॉबर्ट बेकर यांनी मोजायच्या नामांना 'फ्यूअर' जास्त शोभतो असं आपलं मत लिहिलं आणि पुढच्यांनी त्या मताचा कायदा केला. विलायतेतल्या टेस्को या दुकानांच्या साखळीत झटपट बिलाच्या रांगेवर 'टेन आयटम्स ऑर लेस' अशी पाटी असायची. व्याकरणप्रेमींच्या तक्रारी इतक्या झाल्या की २००८ साली त्यांनी वादच मिटवला आणि पाटीवर 'अप टू टेन आयटम्स' लिहिलं.

आता आपल्याकडच्या खाण्याचे शब्द इंग्रजीत चालले आहेत आणि तिथे त्यांची वचनं नव्याने ठरत आहेत. इंग्रजी पाककृतींत 'चपातीज', 'इडलीज', 'वडा पाव्ज' असं सर्रास छापतात, कारण हे पदार्थ नगावर खातात. 'दाल' एकवचनी राहिली. 'पोहे' मात्र तिकडे जाऊन 'पोहा' झाले आणि एकवचनीच झाले, 'राइस'च्या पंगतीत जाऊन बसले. सुकेळ्याला अजून इंग्रजीत नाव म्हणावं असं नाव नाही. वसईचं कोणी ते उद्या डब्यात घालून परदेशी पाठवेल आणि वेष्टनावर काय छापायचं असं विचारेल, तर माझा कौल अनेकवचनाला आहे. एकेक सुकेळं हातात धरून खातात, त्याला टोक असतं, बूड असतं, आणि डब्यात किती आहेत ते गिऱ्हाईक मोजून बघणारच.